पितरांच्या घागरी

आमच्या निंबखेड्यात सकाळच्या भाकरीचा पहिला घास कधीच माणसाच्या पोटात गेला नाही. घरोघर चुली पेटायच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावर फुगायची, आणि ती उतरली की घरातली बाई तिचा एक चतकोर मोडून बाजूला ठेवायची. तो डोहाचा घास. मग खुशाल गोठ्यात बैल हंबरोत, पोरं भुकेने रडोत, आधी तो घास डोहाला जायचा. आमच्या घरी ते काम माझं. माय चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "तापी, डोहना घास लई जाय," आणि मी गरम चतकोर या हातातून त्या हातात झेलत नदीकडे पळत सुटायची. वाटेत त्यातला तुकडा मोडून तोंडात टाकावा असं मला रोज वाटे, आणि एकदाही मी तो टाकला नाही. माझ्यासारख्या खादाड पोरीच्या हातून हे घडत होतं याचं मला आज जास्त आश्चर्य वाटतं.

अनेर नदी सातपुड्यातून खाली उतरते तिथे, गावाला वळसा घालताना, तिने एक खोल डोह केला होता. त्याला आम्ही पितरांचा डोह म्हणायचो. गावातल्या मेलेल्या माणसांची राख तिथेच सोडायची, आणि डोहातले मासे म्हणजे आपलेच गेलेले आजे-पणजे असं सगळे मानायचे. मानायचे म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊकच होतं. उन्हाळ्यात ऊन असतं हे ठाऊक असावं तसं. मासे सोनेरी खवल्यांचे, जाड ओठांचे, मोठे झालेले तर हातभरापेक्षा लांब. पुढे मी मास्तरीण झाले तेव्हा एका शिकलेल्या माणसाने मला सांगितलं की त्यांना महाशीर म्हणतात. असेल. आम्ही त्यांना नाव घेऊन हाक मारत नव्हतो, वडीलधारे होते ते. पाण्यावर हात आपटून बांगड्या वाजवल्या की ते वर यायचे आणि घास उचलताना पचपच असा आवाज करायचे. एकाचा ओठ फाटलेला होता. तो सगळ्यांत मोठा. त्याला तेवढं आम्ही म्हातारबा म्हणायचो, आणि तो सगळ्यांत शेवटी यायचा, घरात आजोबा जेवायला बसतात तसा, दोन हाका झाल्यावर.

त्या डोहात कोणी जाळं टाकलं नाही, गळ टाकला नाही. कपडे धुवायचे ते खालच्या अंगाला. काठावरच्या करंजाची, सादड्याची, उंबराची एक काटकी कोणी चुलीसाठी मोडली नाही, कारण पितरांच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं कसं? आजकाल जळगावात माझ्या घरापुढच्या सभागृहात नदी वाचवण्यावर भाषणं होतात. मी जाते, पहिल्या रांगेत बसते, टाळ्याही वाजवते. पण आमच्या गावात नदी वाचवायची असते हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वाचत आली होती. हे सांगताना माझी मान थोडी ताठ होते, ती होऊ द्यावी.

माझ्या मायचा त्या डोहाशी आणखी एक हिशेब होता. माझ्या पाठीवर बापू म्हणून भाऊ झाला होता. चालायला लागला, बोलायला लागला आणि तापाने गेला. लहान मूल म्हणून त्याला जाळलं नाही, डोहाच्या काठी उंबराखाली पुरलं. त्याआधी माय गाणारी बाई होती. जात्यावर, झोक्यावर, कुठेही तिचा आवाज लागायचा. बापू गेला आणि तिचं गाणं थांबलं. मासा झाला वगैरे ती कधी बोलली नाही. पण सणासुदीला ती स्वतः डोहावर यायची, मोठ्या माशांना घास टाकायची, आणि मग काठाच्या उथळ पाण्यात बोटभर पिल्लांचा घोळका असे तिथे बसून भाकरीचा अगदी बारीक चुरा करून सोडत राहायची. मी "चाल ना माय" म्हणून पदर ओढला तरी उठायची नाही.

आता आखाजीचं सांगितलं पाहिजे. अक्षयतृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि खानदेशातल्या बायकांना विचाराल तर दिवाळी तिच्यापुढे काहीच नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. घरोघर कोरी मातीची घागर पाण्याने भरून, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवून, पितरांच्या नावाने पुजतात. उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागत असेल म्हणून. आणि तिसऱ्या प्रहरी सगळ्या बायापोरी नदीवर जातात. आमच्या काठाला निंबखेड्याच्या, समोरच्या काठाला उंबरपाटच्या. मग सुरू होतं गाण्यातलं भांडण. इकडून एक शिवी गाण्यात जाते, तिकडून तिचं उत्तर गाण्यात येतं. त्या दिवशी कोणी कोणाचं मनाला लावून घ्यायचं नाही, पण उत्तर मात्र दिलंच पाहिजे. दिवस मावळायच्या आत ज्या काठाला उत्तर सुचलं नाही तो काठ हरला. आणि आम्ही दरसाल हरायचो, कारण पलीकडे जिजी होती. जिजी म्हणजे माझ्या अक्काची, थोरल्या बहिणीची, सासू. उंच, काटक बाई; तिचा आवाज नदी ओलांडून आमच्या घरात भांड्यांवर वाजायचा. उंबरपाटचे लोक आपल्या डोहातले मासे मारून खायचे, म्हणून आम्ही त्यांना दर आखाजीला "मासेखाऊ" म्हणायचो. ती ऐकून घ्यायची आणि मग एका कडव्यात आमची दाणादाण उडवायची.

त्या वर्षी आमच्याकडची म्होरकी मी होणार होते. वय लहान, पण तोंड मोठं, असं गावानेच ठरवलं होतं. होळीपासून मी शिव्या जुळवत होते. झाडताना, शेण थापताना, जिजीच्या नाकावर, चालीवर, तिच्या वांग्याच्या भरतावर कडवी रचत होते. मला जिंकायचं होतं. सगळ्या निंबखेड्याने मला खांद्यावर घेऊन घरी न्यावं असं चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं.

पण पाऊस आदल्या सालीच लवकर पाठ फिरवून गेला होता. होळी झाली तेव्हा नदीची धार तुटली. चैत्रात डोह आक्रसायला लागला. रोज घास घेऊन गेले की काल पाण्यात असलेला दगड आज कोरडा दिसायचा. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, विहिरीवरची मोट चालवून पाटाने पाणी डोहाकडे सोडायचे. ते वाळूतच जिरायचं, आणि मग विहीरच तळाला गेली. मासे दाटीवाटीने एका खळग्यात गोळा झाले. पहाटे ते तोंडं वर काढून हवा घ्यायचे आणि तो पचपच आवाज, जो मला इतका आवडायचा, तो ऐकून मी कानांवर हात ठेवायची. भाकरी टाकली तरी म्हातारबा वर येईना. चावडीवर कोणी तरी म्हणालं, "मरनारच शेतस, त मंग..." आणि थांबलं. पुढचं बोलायची हिंमत कोणाला झाली नाही, पण ते सगळ्यांनी ऐकलं होतं. माय त्या दिवशी जेवली नाही.

वर डोंगराच्या पायथ्याशी, कपारीच्या सावलीत, एक डोह होता तो कधीच आटत नसे. तळाला झरा होता त्याच्या. पण तो उंबरपाटच्या शिवारात. आबांचे थोरले भाऊ, नाना, गावचे पोलीस पाटील. आपले मासे तिथे सोडू द्या म्हणायला ते डोक्याला फेटा बांधून उंबरपाटच्या पाटलाकडे गेले आणि फेटा काखेत मारून परत आले. ओट्यावर बसून पाणी न पिताच बोलायला लागले. "'मासेखाऊ लोकेस्ना डोहमा तुमना देव कसा ऱ्हाई?' आसं म्हने तो. हात जोडीसन मांगा म्हने. आमना पितर उंबरपाटना दारे भीक मांगतीन?" आमच्याच गाण्यातली शिवी आमच्यावर उलटली होती. नाना रागाने लाल झाले होते, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्याच बाजूची होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी अक्का माहेरी आली. तिला सगळं आधीच ठाऊक होतं; उंबरपाटला दुसरा विषयच नव्हता. सांजोऱ्या तळता तळता ती म्हणाली, "माणसेस्नं बोलनं व्हयनं. आते बायास्ले बोलू द्या." माय तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "तापी, उद्या शिवी नको दिऊ वं. उद्या मांग." मी हातातली सांजोरी खाली ठेवली. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही. "जिजीजोडे मांगू? तेबी आखाजीले?" माझा आवाज चढला. सगळं गाव हसेल, नाना काय म्हणतील, मी जुळवलेल्या कडव्यांचं काय करू, असं मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. मायने ते सगळं ऐकून घेतलं. "गानाले उत्तर देनंच पडस त्यास्ले," ती म्हणाली. "आनि तुना तोंडले दोन्ही गावं भितस. तुनंच आयकतीन त्या." मग तिने तळणीत पुढची सांजोरी सोडली. मी खाली ठेवलेली उचलून तिने माझ्या हातात परत दिली, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घागर पुजली, आमरस वाढला गेला, मला तो गोड लागला नाही. नदीवर गेलो तेव्हा दोन्ही काठ रंगीत लुगड्यांनी भरले होते. एरवी मध्ये पाणी असायचं. त्या वर्षी नुसती वाळू, आणि मधल्या खळग्यात आमचे पितर. पुरुष नेहमीप्रमाणे लांब झाडाखाली बसले होते, ऐकत नाही असं दाखवत. जिजी पुढे झाली आणि तिने कमरेवर हात ठेवून सुरू केलं:

नदी आटनी तुमनी वं, आटना तुमना डोह,
जीभ तेवढी वल्ली ऱ्हायनी, तीबी वाळी जावो!

पलीकडे हशा उसळला. आमच्या पोरी मला ढोसायला लागल्या. माझ्या जिभेवर तिच्या भरताचं कडवं अगदी तयार होतं, आणि ते चांगलंही होतं. मी ते गिळलं. अक्का माझ्या शेजारी उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. मी शिवीच्याच चालीवर, पण हळू, गायले:

उंबरपाटन्या मायबहिनी, घर तुमनं मोठं,
आमना पितर तान्हेला शे, पानी द्या वं थोडं.

झाडाखालून नाना उठून उभे राहिले. आमच्याकडची एक बाई "काय गाई ऱ्हायनी ही?" म्हणाली, तिला कोणी तरी गप्प केलं. जिजीचे हात कमरेवरून खाली आले. ती आमच्याकडे नाही, खळग्याकडे बघत होती. उन्हात तिला ते उघडे ओठ दिसले असणार. नाही म्हणायचं तरी तिला गाण्यातच म्हणायला हवं होतं, आणि तिला 'नाही' सुचत नव्हतं. मी आजवर पुष्कळ शाळांतून, पुष्कळ लोकांपुढे बोलले, पण तसं वाट बघणं पुन्हा कधी वाट्याला आलं नाही. शेवटी तिने पदर सारखा केला आणि गायली:

पितर काय तुमनाच शे, आमना नही का काय?
घागर भरीसन लई या, वाट देखस माय!

आमच्या बाया रडल्या की हसल्या ते मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की "घागर" हा शब्द ऐकल्याबरोबर मायने माझा दंड धरला. त्या दिवशी निंबखेड्यात घरोघर कोरी घागर भरलेली होती. मासे न्यायचे कशात, हा प्रश्न तिच्या डोक्यात कधीपासून असणार. पण नाना लगेच आडवे आले. "पितरेस्ना नावनी पुजेल घागर शे ती. तिनामा मासा?" माय नानांच्या धाकट्या भावाची बायको. लग्न झाल्यापासून ती त्यांच्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. आताही तिने पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे तोंड करून, पण सगळ्या काठाला ऐकू जाईल असं म्हणाली, "तापी, नानास्ले सांग. घागर कोनासाठे भरतस आपन? पितरेस्नासाठेच ना? मंग पितरच बसतीन तिनामा. त्यास्नी घागर, त्यास्ले." मी सांगितलं नाही, कारण त्यांनी ते ऐकलं होतं. नाना खळग्याच्या कडेपर्यंत जाऊन मासे बघून आले. मग मलाच म्हणाले, "तुनी मायले सांग, मोठा मासास्ले घागर पुरावू नही. मोट लागी."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अवघं गाव खळग्यात उतरलं. ओल्या लुगड्यांची झोळी करून मासे अलगद उचलायचे आणि घागरीत सोडायचे. तोंडाला करंजाची ओली पानं. मोठ्यांसाठी आबांनी कातड्याची मोट आणली, तिची सोंड घट्ट बांधली आणि दोन दांड्यांवर ती पाण्याने भरून टांगली. म्हातारबाला उचलताना त्याने आबांना शेपटीचा असा फटका दिला की ते वाळूत बसले, आणि म्हणाले, "जिता शे, जिता शे!" मग बायांची रांग निघाली. डोक्यावर घागरी, घागरीत पितर, आणि कोणी मध्येच उसळी मारली की पाणी चेहऱ्यावरून ओघळायचं नि बाई हसत म्हणायची, "सासरा शे वाटस मना!" आखाजीच्या झोक्यावर म्हणतात ती गाणी चालू होती. मोटेच्या दांड्यांची पुढची टोकं आबांच्या खांद्यांवर होती, मागची नानांच्या, आणि नाना अनवाणी चालत होते.

शिवाराच्या धोंड्यापाशी उंबरपाटच्या बाया उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन आमच्या डोक्यावरच्या घागरी आपल्या डोक्यावर घेतल्या, पाहुण्यांचं गाठोडं घ्यावं तशा. मायच्या घागरीत मोठा मासा नव्हता. उथळ पाण्यातली ती पिल्लं होती, सगळी तिनेच वेचलेली. तिच्यापुढे जिजीने हात केले. माय थांबली, पण घागर खाली येईना. अक्का जिजीच्याच घरात नांदत होती, तेव्हा जिजीला आमच्या घरचं काही सांगायची गरज नव्हती. तिने हात मागे घेतले. "चाल माय," म्हणाली, "वाट दगडनी शे, मना हात धर." आणि शिव्या देणारी ती बाई माझ्या मायचा हात धरून कपारीपर्यंत चालत गेली. डोहावर बाकीच्या घागरी रिकाम्या झाल्या. मायने आपली घागर पाण्यात आडवी केली आणि तशीच धरून बसली, पिल्लं आपली आपण बाहेर जाईपर्यंत. शेवटचं गेलं तेव्हा तिने डोळे पुसले. मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

काही मासे वाटेतच मेले. ते माघारी आणून आमच्या काठच्या उंबराखाली पुरले. पण पुष्कळ जगले. म्हातारबा कपारीच्या सावलीत शिरला, आणि दुसऱ्याच दिवशी उंबरपाटच्या बायांच्या बांगड्यांना, दोन हाका झाल्यावर, वर आला असं अक्काने निरोप धाडून कळवलं. पाऊस आला, नदी जोडली गेली, बरेच मासे खाली आमच्याकडे उतरले. काही वरच राहिले. त्यानंतर उंबरपाटने त्या डोहात जाळं टाकलं नाही. कोणी बंदी केली नव्हती. पण पाण्यातला कोणता मासा घरचा आणि कोणता पाहुणा, हे कसं ओळखायचं? तिथेही मग पहिल्या भाकरीचा चतकोर जायला लागला. दोन्ही डोह आजही आहेत. मी गेल्या उन्हाळ्यात नातीला घेऊन गेले होते. तिने हात आपटला, पण तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. मी माझ्या वाजवल्या.

पुढच्या आखाजीला मात्र भांडण व्हायचंच होतं. नदीत पाणी होतं, दोन्ही काठ भरले होते, आणि मी वर्षभर शिव्या घासूनपुसून ठेवल्या होत्या. जिजी पुढे झाली. कमरेवर हात तेच, चाल शिवीचीच, आवाजही तितकाच करडा. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. पोरींच्या मागे, उंबराला टेकून माझी माय बसली होती, तिच्याकडे बघून ती गायली:

निंबखेडाना पोऱ्या वं, आमना दारे ऱ्हायना,
खाईपिईसन बठ्ठं आमनं, हातभर मोठा व्हयना!

पलीकडच्या बाया हसल्या. आमच्या पोरी माझ्याकडे वळल्या. पण हे कडवं मला नव्हतंच; मी मागे मायकडे पाहिलं. तेव्हा मागून पोरींना बाजूला सारत माय आली. पदर डोक्यावरून नीट घेतला, पाण्याच्या कडेला उभी राहिली, आणि बापू गेल्यापासून मी न ऐकलेला तिचा आवाज नदीवरून गेला:

खाऊ दे वं, खेळू दे वं, नको करू आबाळ,
आखाजीले मूळ धाडसू, तवलोंग त्याले सांभाळ.

मूळ धाडायचं ते लेकीला माहेरी आणायला. मायने ते लेकाला धाडलं होतं. आता उत्तर द्यायची पाळी जिजीची होती. आम्ही वाट पाहिली. जिजीने पदर तोंडाला लावला होता, तो तिने काढला नाही. दिवस मावळला तरी त्या काठावरून उत्तर आलं नाही. निंबखेडं आखाजीला जिंकलं ते तेव्हा, पहिल्यांदाच. मला कोणी खांद्यावर घेतलं नाही. मी मायच्या मागोमाग, तिच्या लुगड्याचा ओला काठ धरून, घरी आले.